गळ्यातून गळ्यात: माझ्या सासुरवाडीचा तन्मणी

काही घरांत किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. ड्रॉवरमधल्या रबरबँडांसारखे. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात, आणि कुठलं कशाला गुंडाळलेलं होतं ते कुणालाच आठवत नसतं. माझ्या सासुरवाडीत असे किस्से भरपूर आहेत, आणि त्यातले निम्मे तरी एका तन्मण्याचे आहेत.

मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. पुराव्याशिवाय विधान करायचं नाही ही सवय अंगात मुरलेली. या किश्श्यांना पुरावा म्हणाल तर काही नाही. मी सांगायला लागलो की माझी बायको शालिनी स्वयंपाकघरातून "असं नव्हतं ते" म्हणते, आणि मग मलाही शंका येते. तेव्हा कुठे चुकलं असेल तर तिचं खरं धरा.

तन्मणी ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बारीक मोत्यांचे बरेच सर, ते पुढे एका पदकात एकत्र आलेले, पदकात हिरे, मागे बांधायला रेशमी दोरी आणि गोंडा. आमच्या तन्मण्यातले हिरे जुन्या पद्धतीचे, पैलू न पाडलेले. ते चमकत नाहीत, उजेड धरून बसतात. मोत्यांना आता सायीचा रंग आलाय.

घराणं सरदारांचं. आडनाव सांगत नाही, सांगितलं तर फोन येतील. चांदवडकडचा जमीनजुमला गेला, घोडे फोटोत राहिले आणि नाशकात दोन भावांचे दोन फ्लॅट झाले. मोठे दादासाहेब गंगापूर रोडला, धाकटे बाळासाहेब नाशिकरोडला. वाटणीत सगळं वाटलं गेलं, तन्मणी तेवढा वाटता आला नाही.

त्याचे नियम ऐका. घरच्या सुनांनी तो वर्षावर्षाने सांभाळायचा, दसऱ्याला पाळी बदलायची. सांभाळायचा म्हणजे अंगावर घालायचा. मोत्यांना माणसाचं अंग लागलं नाही तर ते मरतात, असं या घरात मानतात. डबीत ठेवायचा नाही, लॉकरमध्ये तर नाहीच. एका गळ्यातून निघाला की तिथल्या तिथे दुसऱ्या गळ्यात. आंघोळीपुरता देव्हाऱ्यातल्या देवीच्या गळ्यात चालतो. आणि घरच्या मुलीला तो फक्त तिच्या लग्नात मिळतो. लग्न लागलं की परत.

शालिनी या घरची मुलगी. तिला तो आणखी एकदा घालायचा होता. एवढंच.

*

तन्मणी घरात आला कसा, हे माझे सासरे आबासाहेब पाहुणा बघून सांगायचे. पाहुणा पुण्याचा असला की तो पेशव्यांनी दिलेला. इंदूरचा असला की होळकरांनी. बडोद्याकडचा असला की गायकवाडांनी. प्रत्येक हकिकतीत लढाई वेगळी, पणजोबा मात्र तेच, आणि जखम नेहमी डाव्या खांद्याला.

एकदा एका साखरपुड्याला तिन्ही गावचे पाहुणे एकाच पंगतीत बसले. सासूबाई वाढायला आल्या, गळ्यात तन्मणी. इंदूरकर म्हणाले, "हाच ना तो, होळकरांनी दिलेला?" पुणेकरांनी घास खाली ठेवला. बडोदेकरांनी आबासाहेबांकडे पाहिलं.

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "लुटीत मिळाला."

"कुणाच्या लुटीत?"

"ते कसं सांगू? तिघंही पाहुणे आहात."

*

आबासाहेबांची फजिती केली ती इन्कम टॅक्सच्या साहेबांनी. साहेब सहज चहाला आले होते, ओळखीतून, पण खातं ऐकूनच आबासाहेबांना घाम फुटला. साहेबांची नजर तन्मण्याकडे गेल्याबरोबर हे म्हणाले, "काचेचा आहे हो. नाटकात घालतात तसला. हौस आपली."

साहेब "अच्छा" म्हणाले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं. पुढच्या महिन्यात बाईंचा शिपाई दारात. महिला मंडळाचं ऐतिहासिक नाटक आहे, बाईसाहेब राणी झाल्यात, तो काचेचा हार दोन दिवस मिळेल का?

नाही म्हणायची सोय नव्हती. सासूबाई स्वतः विंगेत गेल्या आणि आपल्या गळ्यातून काढून राणीच्या गळ्यात बांधून आल्या. मग सगळं घर पहिल्या रांगेत. तीन अंक कुणी नाटक पाहिलं नाही, सगळे राणीचा गळा पाहत होते. राणी तिसऱ्या अंकात सती जायला निघाली तेव्हा दादासाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

मागच्या रांगेत दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "शालू छान आहे हो तिचा. हार मात्र अगदीच खोटा वाटतो."

टॅक्स वाचला. पण हे वाक्य आबासाहेबांना शेवटपर्यंत पचलं नाही.

*

आमच्या लग्नाचं सांगतो. मी नामपूरचा, कांदा-बाजरीच्या घरातला. आईला अहिराणीशिवाय दुसरं बोलता येत नव्हतं. सरदारांची सोयरीक म्हटल्यावर ती घाबरली होती. खरं तर मीच जास्त घाबरलो होतो. माझं सगळं भांडवल म्हणजे एक पीएचडी, आणि तीही मांडवात दिसत नाही.

शालिनी बोहल्यावर आली तेव्हा आईने तन्मण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानात विचारलं, "नवरीनी मान दुखस नई का?"

लग्न लागलं. सगळे विधी झाले. मग सासूबाई पुढे आल्या, त्यांनी शालिनीच्या मानेमागची गाठ सोडली आणि तन्मणी तिथेच मोठ्या वहिनींच्या, म्हणजे दादासाहेबांच्या पत्नीच्या, गळ्यात बांधला. कुणाला काही वाटलं नाही, रीतच ती. शालिनी मान खाली घालून बसली होती. तिचा हात गळ्याशी गेला, काही लागलं नाही, आणि तो तसाच परत आला.

हे माझ्या आईने पाहिलं. ती उठली, सगळ्या सरदारांच्या देखत बोहल्यावर गेली, स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढली आणि नव्या सुनेच्या गळ्यात घालून म्हणाली, "आमनी धाकली शे, पन कोनी काढाव नही."

आमची छोटी आहे, पण कुणी काढणार नाही. मांडवात अर्ध्यांना अहिराणी कळत नव्हती. ज्यांना कळत होती ते अक्षता वेचायला लागले.

बोरमाळ शालिनीने खरंच कधी काढली नाही. पण तन्मणी मनातून गेला, असं म्हणता येणार नाही. माहेरी गेली की ती आधी मोठ्या वहिनींच्या गळ्याकडे पाहायची, मग चेहऱ्याकडे.

*

माझ्या शिक्षणाने या घराचं एक नुकसान झालं, त्याची आठवण मला दर उन्हाळ्यात करून देतात.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मोठ्या वहिनी लोणच्यासाठी लिंबं चिरत बसल्या होत्या, गळ्यात तन्मणी. मला राहवलं नाही. मी सांगितलं की मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि लिंबात आम्ल, आणि आम्लात ते विरघळतं. समीकरणसुद्धा सांगितलं असावं. नवा जावई होतो, बोलायला दुसरा विषय नव्हता.

वहिनींनी सुरी खाली ठेवली. त्या दिवसापासून ज्या घरी तन्मणी, त्या घरी लिंबू बंद. लोणचं नाही, सरबत नाही, पोह्यांवर पिळायला फोड नाही. एखादा शिंतोडा उडाल्याने काही होत नाही, हे मी नंतर किती वेळा सांगितलं. पण माझं पहिलं व्याख्यान जेवढं पटलं तेवढं दुसरं पटलं नाही.

शेवटी एका दुपारी दादासाहेब कोरडे पोहे चिवडत म्हणाले, "जावईबापू, तुम्ही एवढे शिकलात आणि आमचं लिंबू गेलं. आता तुम्ही आणखी काही वाचू नका."

*

बाळासाहेबांचं लग्न होऊन धाकट्या रेखावहिनी घरात आल्या आणि तन्मण्याने जग पाहिलं. मोठ्या वहिनी तो पदराखाली झाकून ठेवायच्या. रेखावहिनी तो घालून स्कूटीवरून बँकेत जायच्या, भाजी आणायच्या. गॅसवाल्याने विचारलं, "काकू, कुठून घेतला? भारी वाटतो," तर म्हणायच्या, "ऑनलाइन. आता स्टॉक संपला."

मागे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून त्या नाशिकरोडला झुंबाच्या क्लासला जायला लागल्या. वर्ष त्यांच्या पाळीचं. टी-शर्टच्या आत तन्मणी. शिकवणारा मुलगा अगदी तरुण. पहिल्याच उडीला तन्मणी बाहेर आला आणि हनुवटीवर आपटला.

मुलगा म्हणाला, "आँटी, तेवढं नेकलेस काढून ठेवा ना."

"काढते की. पण आमच्यात हा खाली ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. या जवळ."

त्या वर्षी त्यांनी उड्यांशिवाय झुंबा केला. वजन मात्र उतरलं, असं त्या म्हणतात.

*

येवल्याला नात्यातलं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. स्टेजवर फोटो काढताना कुणीतरी रेखावहिनींना मिठी मारली आणि तन्मण्याचे दोन सर तुटले. मोती स्टेजभर.

नुसते मोती असते तर प्रश्न नव्हता. स्टेजची सजावट थर्माकोलच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची होती आणि पोरांनी सकाळपासून त्या उपटून गालिच्यावर पसरल्या होत्या. पैठण्या नेसलेल्या बायका गुडघ्यांवर, पुरुष ओणवे, नवरा-नवरी पाय वर घेऊन खुर्चीत. प्रत्येकजण काहीतरी उचलून चिमटीत दाबून बघत होता. मला चष्म्यातून दोन्ही सारखेच दिसत होते.

मला एक कल्पना सुचली. बोलू की नको या विचारात काही वेळ गेला, कारण लिंबाची आठवण ताजी होती. शेवटी म्हणालो, "पाण्यात टाका. थर्माकोल तरंगेल, मोती बुडतील."

केटररकडून बादली आणली. जे जे पांढरं ते सगळं आत. वर थर्माकोल, खाली मोती. रेखावहिनी बादलीत वाकून म्हणाल्या, "भावोजी, पीएचडी आज वसूल झाली."

मोती तिथेच मोजले, प्रत्येक सराचा हिशेब घरात सगळ्यांना पाठ आहे. एक जास्त भरला. माइकवरून विचारलं, कुणाचा मोती पडलाय का? हॉलभर बायकांचे हात कानांवर गेले. कुणाचाच नव्हता. दादासाहेबांनी निकाल दिला, "राहू दे, ओवून टाका. आता तो घरचाच."

परतताना गाडीत शालिनी खिडकीबाहेर बघत होती. विंचूर गेल्यावर म्हणाली, "बाहेरचा मोती चालतो त्यांना."



*

त्यानंतर मी ठरवलं की आपण बोलायचं.

दसऱ्याला पाळी बदलते तेव्हा जुन्या सुनेची गाठ सोडायची आणि नव्या सुनेची बांधायची, हा नणंदेचा मान. म्हणजे शालिनीचा. दर दसऱ्याला तन्मणी तिच्या हातात येतो, एका गळ्यापासून दुसऱ्या गळ्यापर्यंत. ती गाठ बांधायला जरा जास्तच वेळ लावते, हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नव्हतं.

मी आठवडाभर वाक्य तयार केलं. "दादासाहेब, नियम आपणच केलेले असतात. एक वर्ष शालिनीला द्यावं, अशी माझी विनंती आहे." आंघोळ करताना म्हणून पाहिलं, फिरायला जाताना म्हणून पाहिलं. चांगलं वाक्य होतं.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, शालिनी मोठ्या वहिनींच्या मागे उभी राहून गाठ बांधत होती. मी घसा साफ केला. "दादासाहेब, शालिनीला..."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. दादासाहेब म्हणाले, "हां, बापू. शालूला काय?"

"शालिनीला... गाठ नीट दिसत नाही हल्ली. चष्म्याचा नंबर बदललाय."

दादासाहेबांनी लगेच ट्यूबलाइट लावायला सांगितली.

घरी येताना रिक्षात शालिनी म्हणाली, "माझे डोळे चांगले आहेत." थोड्या वेळाने म्हणाली, "काय म्हणणार होतात ते कळलं मला. राहू द्या आता. मागून घेतलेलं मला नको."

*

मोठ्या वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, ते गेल्या दसऱ्याच्या जरा आधी. पाळी त्यांची. ठरलं असं की रेखावहिनी नाशिकरोडहून सकाळीच हॉस्पिटलात येतील, तन्मणी आपल्या गळ्यात घालून घेतील आणि मग मोठ्या वहिनी आत जातील.

सकाळी आम्ही चौघे होतो: वहिनी, दादासाहेब, शालिनी आणि मी. वहिनी हिरव्या गाऊनमध्ये, हाताला सलाइन, गळ्यात तन्मणी. सिस्टर आली. "आजी, दागिने काढा सगळे."

"येतेय हो आमची जाऊ. पाच मिनिटं."

दादासाहेबांनी फोन स्पीकरवर लावला. रेखावहिनींचा आवाज हॉर्नच्या गलक्यातून आला. "ताई, द्वारका चौकात अडकलेय. पुढे ट्रक, मागे ट्रक. काही हलतच नाहीये."

सिस्टर दुसऱ्यांदा आली. "आजी, डॉक्टर थांबलेत."

दादासाहेब म्हणाले, "मी ठेवतो खिशात."

"तुमच्या खिशात चष्मासुद्धा टिकत नाही."

"मग खाली लॉबीत गणपती आहे, त्याला घालू?"

"गणपती पुरुष आहे," वहिनी म्हणाल्या.

सिस्टर तिसऱ्यांदा आली ती स्ट्रेचर घेऊनच. वहिनींनी इकडे तिकडे पाहिलं. पाहायला तिथे एकच जण होतं.

"वन्सं, इकडे या."

शालिनी जागची हलली नाही. "वहिनी, मला चालत नाही ना."

"रेखा येईपर्यंत चालतं."

"असं कुठे आहे?"

"मी सांगतेय ना. वाका जरा, मला हात वर नेता येत नाही."

सिस्टरने गाठ सोडली आणि शालिनीच्या मानेमागे बांधून दिली. वहिनींना आत नेलं. दादासाहेब औषधं आणायला खाली गेले.

शालिनी बाकावर बसली. सुती साडी, वर स्वेटर, स्वेटरवर तन्मणी. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. हात लावून बघितला नाही तिने त्याला. मी शेजारी बसलो होतो. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं, पण माझ्या बोलण्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.  समोरच्या बाकावरची एक म्हातारी तिला म्हणाली, "लय गोड दिसतंय बाई." शालिनी नुसती हसली.

मग लिफ्ट उघडली आणि रेखावहिनी आल्या. धापा टाकत, द्वारकेच्या चौकाला, ट्रकवाल्यांना आणि पोलिसांना एकत्र शिव्या घालत. "ताई गेल्या आत? तन्मणी कुठं..."

त्यांनी शालिनीला पाहिलं.

शालिनी ताबडतोब उभी राहिली. दोन्ही हात मागे गाठीकडे गेले. "आलीस ना. थांब, सोडते."

रेखावहिनी दोन पावलं मागे सरकल्या.  मग पर्समधून फोन काढला आणि आमच्या देखत नंबर लावला.

"दादासाहेब, मी रेखा. नाही हो, अजून द्वारकेलाच आहे. आज काही सुटेल असं वाटत नाही."

फोन पर्समध्ये टाकला, शालिनीचे मागे गेलेले हात धरून खाली आणले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघून गेल्या.

मोठ्या वहिनी आता घरातल्या घरात काठीने फिरतात. दसरा होऊन गेला, संक्रांतही गेली. दर रविवारी आम्ही तिकडे जातो. शालिनी त्यांच्या समोर बसून चहा घेते, तन्मणी तिच्या गळ्यात. वहिनी तिच्याकडे बघतात, फोन उचलतात आणि धाकट्या जावेला विचारतात, "रेखा, कुठवर आलीस गं?"

"द्वारका, ताई."

"बरं," वहिनी म्हणतात, "सावकाश ये."